बर्फ, बोटं आणि उजवं हृदय: सिस्टेमिक स्क्लेरोसिसचं एक प्रकरण

हे प्रकरण शिकण्या-शिकवण्यासाठी बांधलेलं आहे. यातली बाई कुणी एक व्यक्ती नाही. या आजाराच्या रुग्णांमध्ये जे वेगवेगळं दिसतं, ते इथे एका बाईच्या अंगावर आणून ठेवलं आहे. गाव मालवण ते देवगड या पट्ट्यातलं कुठलंही समजा. तपासण्यांचे आकडे असे घेतले आहेत की प्रत्यक्षात ते तसेच येऊ शकतात, आणि त्यांवरचे निर्णयही तसेच घ्यावे लागतात.

रुग्ण

वय ४९, मासेविक्रेत्या. बाजारात सगळे त्यांना मावशी म्हणतात, आपणही तेच म्हणू. विशीपासूनचा दिनक्रम एकच: पहाटे बंदरावर लिलावात बांगडे, तारल्या, सुंगटं घ्यायची, बर्फात घालायची, पाटी डोक्यावर घेऊन घाटी चढायची आणि दुपारपर्यंत बाजारात बसायचं. पाळी दोन वर्षांपूर्वी गेली. मुलगा मुंबईत नोकरीला, घरी नवरा आणि सून.

तपासायला त्या आपणहून आल्या नाहीत. चतुर्थीला गावी आलेल्या मुलाने आणलं. आरती-भजनानंतर बायका फुगडीला उभ्या राहिल्या, तेव्हा दरवर्षी सगळ्यांत शेवटी बसणारी आई दोन फेऱ्यांतच भिंतीला टेकली. शिवाय त्याला आईचा चेहरा बदललेला वाटला: ओठ पातळ, तोंडाचा घेर लहान, नाक टोकदार. घरच्यांना यातलं काही जाणवलं नव्हतं. चेहरा रोज बघणाऱ्याला असा बदल दिसत नाही, वर्षाने येणाऱ्या चाकरमान्याला दिसतो.

मावशींचं स्वतःचं म्हणणं थोडक्यात होतं. “घाटी चढलंय काय दम लागता, मदीच बसाक लागता. बाकी काय नाय, पित्त आसा.”

पिशवीतले कागद

सोबत प्लास्टिकच्या पिशवीत दीड वर्षाचे कागद होते. हिमोग्लोबिन ९.६, म्हणून लोहाच्या गोळ्या. छातीत जळजळ, म्हणून पँटोप्राझोल. पायांवर संध्याकाळी सूज, त्यावर “उभं राहणं कमी करा”. धडधड होते म्हणून मेटोप्रोलॉल, आणि ते सुरू झाल्यावर दोनेक महिन्यांत उजव्या तर्जनीच्या टोकाला न भरणारी जखम. ती जखम, हातावरचे पांढरे-काळे ठिपके आणि आखडलेली बोटं बघून वाडीत कुणीतरी महारोगाची कुजबुज सुरू केली होती. त्वचेची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. पण तेवढ्या दिवसांत गिऱ्हाइकं तुटायची ती तुटलीच.

यातला प्रत्येक उपचार त्या-त्या दिवशी रास्त होता. बाई बारीक, रक्त कमी, वय पन्नाशीकडे. अशा बाईला दम लागला तर दहापैकी नऊ डॉक्टर रक्ताकडेच बोट दाखवतील. अडचण आजाराच्या स्वभावातच आहे. सिस्टेमिक स्क्लेरोसिस एकाच वेळी त्वचा, अन्ननलिका, फुप्फुस, आतडी आणि रक्तवाहिन्या धरतो. त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक तक्रारीला दुसऱ्या कुठल्यातरी अवयवाचं पटण्यासारखं स्पष्टीकरण हजर असतं. छातीतली जळजळ खरोखरच अन्ननलिकेची होती, कारण भाकरीचा घास अडकत होता. रक्त खरोखरच कमी होतं. आणि या खऱ्या कारणांमागे हृदय दीड वर्ष झाकलेलं राहिलं.

बोटांचा इतिहास

बोटांबद्दल विचारल्यावर मावशी मोकळेपणाने बोलल्या. बर्फात हात घातला की बोटं आधी पांढरी फटक, मग निळी, मग लाल होऊन ठणकतात. असं नऊ-दहा वर्षं चाललंय. “सगळ्यांचीच होतत,” ही त्यांची समजूत, आणि मासळी बाजारात ती पटण्यासारखीही आहे. याला रेनॉचा प्रकार म्हणतात. थंड प्रदेशात तो हिवाळ्यात लक्षात येतो. कोकणात थंडीच नाही, म्हणून आपण विचारतही नाही. पण इथल्या बाईची थंडी बर्फाच्या पेटीत असते, कोळंबी सोलायच्या टबात असते.

एक धागा मला फार बोलका वाटतो. यांत्रिक बोटींना १ जून ते ३१ जुलै मासेमारीबंदी असते. त्या दोन महिन्यांत मावशी सुके बांगडे विकतात, बर्फाशी संबंध उरत नाही, आणि बोटं दरवर्षी सुधारतात. यंदाही सुधारली होती. धाप मात्र त्याच दोन महिन्यांत वाढली. बोटांच्या रक्तवाहिन्या आणि आतल्या रक्तवाहिन्या एकाच आजाराच्या, पण त्यांचं बरंवाईट एका वेळापत्रकाने चालत नाही. बोटं बरी आहेत म्हणजे आजार शांत आहे, असं समजणं इथे महागात पडलं असतं.

तपासताना बोटांची त्वचा मधल्या सांध्याच्या वरपर्यंत ताठ आणि चकचकीत, चेहऱ्यावर आणि तळहातावर छोटे लाल ठिपके (हे फुगलेल्या बारीक रक्तवाहिन्यांचे असतात), रक्तात अँटी-सेंट्रोमिअर अँटिबॉडी (शरीराच्या स्वतःच्याच पेशींविरुद्ध बनलेलं, या आजारात सापडणारं प्रथिन). २०१३ च्या अमेरिकी-युरोपीय निकषांत ९ गुण झाले की निदान पक्कं धरतात. इथे बोटांच्या त्वचेचे ४, रेनॉचे ३, अँटिबॉडीचे ३, लाल ठिपक्यांचे २, असे तर्जनीची जखम न मोजताच १२ होतात. त्वचा कोपराच्या वर धरलेली नाही, म्हणून हा मर्यादित प्रकार. पण ‘मर्यादित’ हे त्वचेपुरतंच. वर्षानुवर्षं रेनॉ, सेंट्रोमिअर अँटिबॉडी आणि लाल ठिपके असलेल्या याच रुग्णांना फुप्फुसाच्या धमनीचा दाब हळूहळू गाठतो.

नाडीच्या ऑक्सिमीटरने बोटावर ८४ टक्के दाखवले आणि सगळ्यांची धावपळ झाली. तोच चिमटा कानाच्या पाळीला लावल्यावर ९५. गार, आकसलेल्या बोटावरचा आकडा भरवशाचा नसतो.

नेहमीचं गणित का चुकतं

रक्तदाब ११६/७४. एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ५.४. एलडीएल (वाईट कोलेस्टेरॉल) ११८. बीएमआय १९. धूम्रपान नाही. हृदयाच्या जोखमीच्या कुठल्याही तक्त्यात हे आकडे घातले तर उत्तर येतं ‘कमी जोखीम’.

त्यातला धूम्रपानाचा रकाना तर विशेष बघण्यासारखा. उत्तर खरं आहे आणि तरीही फसवं. मावशी विडी ओढत नाहीत, पण लग्नाआधीपासून दिवसातून तीन-चार वेळा मिश्री लावतात. भाजलेल्या तंबाखूतलं निकोटिन हिरडीतून रक्तात जातं आणि आधीच आकसलेल्या रक्तवाहिन्यांना आणखी आकसवतं. कागदावर ‘तंबाखू?’ असं विचारलं तरीही पुष्कळ बायका ‘नाही’ म्हणतात, कारण त्यांच्या लेखी मिश्री म्हणजे दात घासायची वस्तू. तेव्हा मिश्री हा शब्द उच्चारूनच विचारावं लागतं.

तक्त्यात न मावणारी दुसरी गोष्ट म्हणजे खुद्द आजार. ब्रिटनमधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून २०१३ मध्ये आलेल्या अभ्यासात या रुग्णांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका इतरांच्या सुमारे १.८ पट, पक्षाघाताचा २.६ पट आणि हातापायांच्या रक्तवाहिन्या बंद पडण्याचा चौपटीहून जास्त दिसला. युरोपातल्या ‘युस्टार’ नोंदवहीचं २०१० मधलं विश्लेषण आणखी बोलकं आहे. आजारामुळेच झालेल्या मृत्यूंपैकी ३५ टक्के फुप्फुसाच्या तंतुमयतेने, २६ टक्के फुप्फुसाच्या धमनीच्या दाबाने आणि २६ टक्के हृदयाच्या स्वतःच्या कारणाने, म्हणजे हृदय निकामी होणं आणि ठोक्यांची गडबड. पूर्वी मूत्रपिंडाचा अचानक बिघाड हे मुख्य कारण असायचं. एसीई इनहिबिटर गोळ्यांनी तो बराच आटोक्यात आला, आणि छातीतली कारणं पुढे आली.

हृदयाला धोका तीन वाटांनी येतो आणि तिन्ही वाटांची तपासणी वेगळी आहे, म्हणून त्या एकत्र कालवू नयेत. पहिली वाट स्नायूची. रेनॉसारखाच आकस हृदयाच्या बारीक रक्तवाहिन्यांत होतो, स्नायूत ठिकठिकाणी डाग पडतात, आणि ते मोठ्या धमन्यांच्या हद्दी पाळत नाहीत. अँजिओग्राफी साफ आणि तरीही स्नायू खराब, असं होऊ शकतं. दुसरी वाट फुप्फुसाच्या धमनीची: तिथला दाब वाढतो आणि उजवा कप्पा थकतो. हा प्रकार साधारण आठ ते बारा टक्के रुग्णांत आढळतो. तिसरी वाट आपल्या ओळखीची, कोरोनरी धमन्यांत चरबी साचण्याची, फक्त अपेक्षेपेक्षा लवकर येणारी.

काय सापडलं

धमनीच्या दाबाचा शोध घ्यायला २०१३ मध्ये मांडलेली ‘डिटेक्ट’ नावाची पायरीपायरीची पद्धत आहे. तीन वर्षांहून जुना आजार आणि डीएलसीओ (फुप्फुसातून वायू रक्तात किती सहज जातो याचं मोजमाप) ६० टक्क्यांखाली असलेल्या रुग्णांवर ती बेतलेली आहे. मला ती आवडते, कारण तिच्या पहिल्या पायरीत तालुक्याच्या गावी होणाऱ्या गोष्टी पुष्कळ आहेत: चेहऱ्यावरचे ठिपके आत्ता किंवा पूर्वी होते का, ईसीजीत हृदयाचा विद्युत अक्ष उजवीकडे झुकलाय का, रक्तातलं युरिक अ‍ॅसिड, सेंट्रोमिअर अँटिबॉडी, एनटी-प्रोबीएनपी (हृदयावर ताण आला की रक्तात वाढणारा घटक), आणि एफव्हीसी (पूर्ण श्वास घेऊन जोराने सोडलेली एकूण हवा) व डीएलसीओ यांचं गुणोत्तर. इको (हृदयाची सोनोग्राफी) दुसऱ्या पायरीवर येते. मूळ अभ्यासातल्या ४६६ जणांपैकी ८७ जणांना हा दाब निघाला. ‘डिटेक्ट’ने त्यातले ४ टक्के निसटले. तेव्हाच्या प्रचलित मार्गदर्शक सूचनांप्रमाणे गेलं असतं तर २९ टक्के निसटले असते.

मावशींचे आकडे असे. युरिक अ‍ॅसिड ७.१. एनटी-प्रोबीएनपी ९८०. पिशवीतल्या वर्षभरापूर्वीच्या ईसीजीवर कुणीतरी ‘नॉर्मल’ लिहिलं होतं. अक्ष त्यात तेव्हाच उजवीकडे झुकलेला दिसत होता. डीएलसीओसाठी गोव्याला बांबोळीला जावं लागलं. एफव्हीसी ८४ टक्के, डीएलसीओ ४२ टक्के, म्हणजे गुणोत्तर २. रक्त कमी असलं की डीएलसीओ खोटा कमी येतो, म्हणून हिमोग्लोबिनची दुरुस्ती करून घेतलेला हा आकडा आहे. एचआरसीटीत (फुप्फुसाच्या बारकाईच्या सीटी स्कॅनमध्ये) खालच्या भागात तंतुमयतेची किरकोळ जाळी, एकूण फुप्फुसाच्या दहा टक्क्यांहूनही कमी. एवढ्या जाळीने डीएलसीओ इतका पडत नाही. हवा आत येतेय, पण रक्त तिथे नीट पोचत नाही, असा याचा अर्थ.

इकोत डावा कप्पा उत्तम: दर ठोक्याला त्यातलं ६० टक्के रक्त बाहेर पडतं, यालाच एलव्हीईएफ म्हणतात. जिथे बऱ्याच जणांचं वाचन थांबतं ते हे वाक्य: ‘एलव्हीईएफ ६० टक्के, हृदय चांगलं.’ उजवा कप्पा फुगलेला होता आणि ट्रायकस्पिड झडपेच्या गळतीचा वेग सेकंदाला ३.४ मीटर. २.८ च्या पुढे संशय घ्यायचा. वेगाचा वर्ग करून चौपट केली की दाबातला फरक सुमारे ४६ येतो.

तरीही इकोवर औषध सुरू करता येत नाही, आधी कॅथेटर म्हणजे बारीक नळी शिरेतून हृदयात घालून दाब मोजावा लागतो, आणि घरच्यांना नेमकं हेच पटवणं कठीण गेलं. “दाब दिसलो मां? मग तार कित्याक घालूची?” मुलाच्या काकांचा हा प्रश्न चुकीचा नाही. उत्तर असं की वाढलेला दाब फुप्फुसाच्या धमनीचा आहे की डावा कप्पा ताठ झाल्याने मागून तुंबलेला आहे, हे इको खात्रीने सांगत नाही. या आजारात दोन्ही होतं. तुंबलेल्या दाबाला धमनी उघडणारी औषधं दिली तर फुप्फुसात पाणी भरू शकतं. शिवाय जुन्या गुठळ्यांनीही असाच दाब वाढतो आणि त्याचा उपचार निराळा, म्हणून आधी व्हीक्यू स्कॅन (फुप्फुसात हवा आणि रक्त कुठे पोचतं ते दाखवणारा). तो साफ आला.

कोकणकन्याने मुंबईला जाऊन उजव्या बाजूचं कॅथेटर झालं. धमनीतला सरासरी दाब ३८ (२० पर्यंत ठीक), डाव्या बाजूचा वेज दाब १० (१५ पर्यंत ठीक), हृदयाचा प्रवाह मिनिटाला ४ लिटर. ३८ वजा १०, भागिले ४: रोध ७ वुड युनिट. २०२२ च्या युरोपीय व्याख्येत २ च्या वर रोग. आता शंका उरली नाही.

त्याच बैठकीत कोरोनरी अँजिओग्राफी केली, कारण जळजळ कधीकधी चढावरही व्हायची. मुख्य पुढच्या धमनीत ३० ते ४० टक्क्यांचा थर. अडथळा म्हणावा असा नाही, पण एकोणपन्नास वर्षांच्या, एलडीएल ११८ च्या, मधुमेह नसलेल्या बारीक बाईत तो असायला नको होता. एमआरआयमध्ये दोन कप्प्यांच्या सांध्यावर छोटा डाग होता. तो नुसत्या उजव्या दाबानेही येतो, डाव्या भिंतीत काही नव्हतं. होल्टरमध्ये, म्हणजे चोवीस तासांच्या सलग ईसीजीत, थोडे अवांतर ठोके, सलग झटके नाहीत.

म्हणजे तीनपैकी दोन वाटांनी आजार आत आला होता.

औषधांची ओढाताण

उपचारात सगळ्यात जास्त विचार काय द्यायचं यापेक्षा काय द्यायचं नाही याचा करावा लागला.

मेटोप्रोलॉल सावकाश कमी करत बंद. हे बीटा-ब्लॉकर गटातलं औषध. त्याने बोटांचा आकस वाढतो, आणि थकलेला उजवा कप्पा ठोक्यांच्या गतीवरच प्रवाह टिकवून असतो. ती धडधड म्हणजे कप्प्याची धडपड होती. पुढच्या काही आठवड्यांत तर्जनीची जखम भरली.

अ‍ॅस्पिरिन नाही. धमनीत थर दिसला की हात आपसूक अ‍ॅस्पिरिनकडे जातो. पण हिमोग्लोबिन का कमी, हे तोवर कुणी शोधलं नव्हतं. एंडोस्कोपीत जठराच्या आतड्याकडच्या टोकाशी लाल पट्टे दिसले, कलिंगडाच्या सालीसारखे. या आजारात हे आढळतं आणि तिथून रक्त थेंबथेंब जात राहतं. ते पट्टे अर्गॉन वायूच्या झोताने जाळले, लोह शिरेतून दिलं. रक्त पातळ करणारी औषधंही याच कारणाने टाळली. या प्रकारच्या दाबात ती सरसकट देतही नाहीत. थरासाठी स्टॅटिन सुरू केलं.

सांधेदुखीसाठी जवळच्या दुकानातून आणलेल्या प्रेडनिसोलोनच्या गोळ्या पिशवीत सापडल्या. दिवसाला १५ मिलिग्रॅम किंवा जास्त मात्रा या आजारात मूत्रपिंडाचा बिघाड ओढवू शकते. सेंट्रोमिअरवाल्यांना तो धोका कमी असतो, पण शून्य नाही. गोळ्या एकदम न थांबवता कमी करत आणल्या, आणि घरी रक्तदाबाचं यंत्र ठेवायला सांगितलं.

दाबासाठी टॅडालाफिल ४० आणि अँब्रिसेंटन ५, पुढे १०. सहा मिनिटांत ३१० मीटर चालणं, ९८० चं एनटी-प्रोबीएनपी आणि थोड्या श्रमाने धाप, अशा मधल्या जोखमीत दोन्ही औषधं सुरुवातीपासून एकत्र देतात. काही प्रकारच्या दाबात कॅथेटरवर खास चाचणी करून कॅल्शियम-ब्लॉकरच्या मोठ्या मात्रा देता येतात, पण ती सोय या आजाराला लागू नाही. टॅडालाफिल बोटांनाही मदत करतं, म्हणून निदानानंतर रेनॉसाठी सुरू केलेलं निफेडिपिन थांबवलं. सोबत पाणी काढणारी गोळी.

टॅडालाफिल घेणाऱ्याने नायट्रेट घ्यायचं नसतं. आपल्याकडे छातीत दुखलं की शेजारचे भाऊ खिशातली सॉर्बिट्रेट (हेही नायट्रेटच) काढून जिभेखाली ठेवतात, चांगल्या मनाने. इथे त्याने रक्तदाब कोसळू शकतो. म्हणून मोठ्या अक्षरांत मराठीत लिहिलेलं कार्ड मावशींच्या बटव्यात, एक सुनेकडे आणि एक बाजारात शेजारी बसणाऱ्या बाईकडे दिलं. तिसरं कार्ड सर्वांत उपयोगाचं, कारण दिवसातला बराच वेळ मावशी तिच्या शेजारी असतात.

बर्फाचं काम सुनेने घेतलं. मावशी आता सुकी मासळी विकतात. उजवं हृदय थकलेल्या माणसाने मीठ कमी खायचं, आणि घरात पावसाळाभर कालवण सुक्या बांगड्याचं. यावर बरीच घासाघीस झाली. विकायला हरकत नाही, खायला आहे. ताटात आठवड्यातून एखादा तुकडा, तोही आधी पाण्यात भिजवून आणि पाणी फेकून, असं ठरलं.

पुढे

पहिल्या महिन्यात पायांची सूज थोडी वाढली. अँब्रिसेंटनने ती येऊ शकते. पण ती औषधाची की हृदयाची, हे वजन आणि इको बघूनच ठरवलं आणि पाण्याची गोळी वाढवली. सहा महिन्यांनी चालणं ३९२ मीटर, एनटी-प्रोबीएनपी ४१०, हिमोग्लोबिन ११.४. घाटी एका दमात चढता येत नाही, पण मध्ये बसावं लागत नाही. २०२२ च्या युरोपीय तक्त्यात ही मध्यम-कमी जोखीम. कमी जोखमीत यायला चालणं ४४० मीटरच्या वर आणि एनटी-प्रोबीएनपी ३०० च्या खाली जायला हवं, म्हणजे अजून अंतर आहे. पुढच्या भेटीत आकडे इथेच अडकलेले दिसले तर तिसरं औषध, सेलेक्सिपॅग, जोडायचं आहे. त्याने जबडा दुखतो, जुलाब होतात, आणि ज्या बाईचं तोंड आधीच नीट उघडत नाही तिला ते कितपत झेपेल, याबद्दल आमच्यात मतभेद आहेत. मला वाटतं थोड्या मात्रेत देऊन बघावं.

मिश्री सुटलेली नाही. सकाळची एक वेळ उरली आहे. मुलगा चिडतो. मी सध्या रागवत नाही, प्रत्येक भेटीत आकडा विचारतो आणि लिहून ठेवतो. इको, ईसीजी, डीएलसीओ आणि होल्टर आता तक्रार असो-नसो दरवर्षी करायचे ठरले आहेत. त्यासाठी मासेमारीबंदीचे दिवस निवडले आहेत, कारण जून-जुलैत बांबोळीला जायला धंदा बुडत नाही. इन्फ्लुएन्झाची आणि न्यूमोनियाची लस झाली आहे. मावशींची धाकटी बहीण देवगडला कोळंबी सोलायच्या कामाला जाते आणि तिचीही बोटं पांढरी पडतात. सख्ख्या बहिणीला या आजाराचा धोका इतरांपेक्षा जास्त, पण मुळात आजारच दुर्मीळ, म्हणून घाबरवायचं कारण नाही. तिची सेंट्रोमिअर तपासणी आणि एक ईसीजी करून घ्यायला सांगितलं आहे. रिपोर्ट अजून आलेला नाही.